नवा पीसी: बटण दाबलं की पंखे अर्धा सेकंद हलतात आणि सगळं ठप्प

नवखा_जोडारी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडलाय आणि इथेच अडलोय. सामान असं: रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६०, ६५० वॅटचा मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या पीसीतली १ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क. कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्ही नवे.

मागचा स्विच चालू केला की बोर्डवर एक बारीक दिवा लागतो. समोरचं बटण दाबलं की पंखे जेमतेम हलतात, एसएमपीएसमधून 'टक्' असा आवाज येतो आणि सगळं बंद. मग बटण कितीही दाबा, ढिम्म. मागचा स्विच बंद करून मिनिटभराने लावला की पुन्हा एकदाच तोच प्रकार.

रॅम काढून घातली, ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं, फरक नाही. २४ पिनच्या प्लगमध्ये पेपरक्लिप लावून एसएमपीएस एकटा चालवला तर पंखा नीट फिरतो. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, घेऊन या. त्याआधी घरी काय काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे.

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे.

सोल्डरवाला

बोर्ड गेला असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. तुमचं लक्षण बरंच काही सांगतंय.

एकदा बंद पडल्यावर बटणाला दाद न देणं आणि मागचा स्विच बंद ठेवल्यावरच पुन्हा एकदा प्रयत्न करणं, हे एसएमपीएसच्या शॉर्ट-सर्किट संरक्षणाचं वागणं आहे. त्याला कुठल्यातरी लाइनवर, बहुतेक १२ किंवा ५ व्होल्टच्या, थेट शॉर्ट दिसतो. तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि आतला चार्ज उतरेपर्यंत उघडत नाही. एसएमपीएस काम करतोय, म्हणूनच 'टक्' होतंय. बटणच वाईट असतं किंवा समोरच्या पॅनेलच्या वायरी चुकल्या असत्या तर पंखे हललेच नसते. सीपीयूचा ८ पिनचा प्लग लावायचा राहिला असता तर उलट झालं असतं: पंखे फिरत राहतात, चित्र येत नाही, बोर्डवरचा सीपीयूचा दिवा पेटून राहतो. रॅम नीट बसलेली नसेल तेव्हाही पंखे फिरतच राहतात, किंवा काही सेकंदांनी आपोआप बंद-चालू होत राहतात, पण कुलूप लागत नाही.

बोर्डवरचा बारीक दिवा बघून निश्चिंत होऊ नका. तो ५ व्होल्ट स्टँडबायवर लागतो, २४ पिनमधल्या ९ नंबरच्या जांभळ्या वायरवर. मुख्य १२ व्होल्टबद्दल तो काहीच सांगत नाही. पेपरक्लिपचंही तेच. १६ नंबरची हिरवी वायर काळ्याला जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस रिकामा चालू होतो, इतकंच कळलं.

आता शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं. यात डोकं लावण्यापेक्षा सामान कमी करत जाणं जास्त कामाचं.

सगळं कॅबिनेटच्या बाहेर काढा. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. सीपीयू, त्यावर कूलर, आणि एकच रॅम, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. एसएमपीएसच्या फक्त दोन वायरी: २४ पिन आणि सीपीयूचा ८ पिन. हार्ड डिस्क नाही, समोरचं यूएसबी नाही, कॅबिनेटचे पंखे नाहीत. मग बोर्डवर समोरच्या पॅनेलच्या पिना असतात तिथे पॉवर स्विचच्या दोन पिना, नेहमीच्या मांडणीत ६ आणि ८, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.

पंखा फिरत राहिला तर बोर्ड, सीपीयू, एसएमपीएस तिघेही बहुतेक शाबूत आहेत. ग्राफिक्स कार्ड नसताना चित्र येणार नाही, कारण ५६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही. बोर्डवर व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड सापडत नाही असं सांगणारा दिवा पेटून राहिला तर त्याला चांगली खूण समजा, त्याचा अर्थ सीपीयू आणि रॅम पार झाले.

बाहेरही तसाच ट्रिप झाला, म्हणजे 'टक्' करून बंद पडला, तर सगळं बंद करा, भिंतीतला प्लग काढा, सीपीयूचा ८ पिनचा प्लग बोर्डावरून सोडवा आणि बोर्डवरच्या त्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात रोध मोजा. कपॅसिटर भरेपर्यंत मीटर एकदा 'पीं' करून थांबेल, ते ठीक. सलग वाजत राहिला, एक ओहमच्याही खाली दाखवला, तर सीपीयूला वीज पुरवणारा एखादा मॉसफेट (ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. तेव्हा दुकानदाराचं खरं, बोर्ड बदलून घ्या.

तांबडी_वायर

वरच्याशी सहमत, फक्त बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं टॉर्च घेऊन बघा. बाहेर काढल्यावर पुरावा पुसला जातो, मग 'आपोआप सुरू झाला' असं होतं आणि परत आत बसवल्यावर पुन्हा रडगाणं.

बोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डला पत्र्यापासून वर धरणारे खुंट. बोर्डला जितकी भोकं तितकेच हवेत, त्याच जागी. मायक्रो-एटीएक्समध्ये काही बोर्ड रुंदीला कमी असतात, त्यांना सहाच भोकं असतात. कॅबिनेटवाल्याने आधीच बसवलेला एखादा जास्तीचा बोर्डच्या पोटाखाली राहिला की तो सोल्डरच्या टोकांना टेकतो. मागच्या पोर्टांभोवती बसणाऱ्या आय-ओ शील्डच्या पत्र्याची जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टमध्ये घुसली आहे का तेही पाहा. समोरच्या यूएसबी ३ च्या १९ पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन वाकलेली असली तरी ५ व्होल्ट ग्राउंडला भिडतात, आणि तो जाडजूड प्लग दाबताना पिना वाकतात हे नेहमीचंच.

सीपीयूचा ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिन एक नव्हेत. सीपीयूचा ४+४ असा फुटतो, कार्डचा ६+२ असा. १२ व्होल्ट आणि ग्राउंड दोघांत अदलाबदल आहेत. पिनांचे कोपरे वेगळे कापलेले असतात म्हणून सहज बसत नाही, पण जोर लावला की बसतो.

आता मला खरी शंका आहे ती ही: मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरींपैकी एखादी त्याच्या खोक्यातली नसून जुनी किंवा कुणाकडून आणलेली आहे का? असेल तर काही करण्याआधी ती काढून बाजूला ठेवा.

आणि झिणझिण्या हा वेगळा विषय आहे. त्यावर वेगळं लिहितो, पण तो आधी मिटवा.

नवखा_जोडारी

दोघांचे आभार. केलं ते असं.

स्टँडऑफ बरोबर आहेत, शील्डही. बाहेर काढून खोक्यावर ठेवलं, फक्त २४ पिन आणि ८ पिन. चालू झालं! व्हीजीएचा दिवा पेटला. मग कार्ड लावलं, चित्र आलं, बायॉसमध्ये १६ जीबी दिसली. परत कॅबिनेटमध्ये बसवलं, चालू. यूएसबी, पंखे, सगळं एकेक करून जोडलं, चालू. हार्ड डिस्क जोडली की ट्रिप.

आणि हो, तांबडी_वायर, तुम्ही म्हणता तेच. डिस्कचा खण वरती आहे, नव्या एसएमपीएसची साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर तिथवर पोचत नव्हती. म्हणून जुन्या एसएमपीएसची लांब वायर लावली. दुसऱ्या कंपनीचा आहे, पण सहा पिनांचा प्लग तंतोतंत बसला, जोरही लावावा लागला नाही. बसला म्हणजे बरोबर असेल असं वाटलं.

डिस्क गेली का? जुने फोटो त्यातच आहेत.

सोल्डरवाला

इथेच घोडं पेंड खातं. डिस्कच्या बाजूचा साटा प्लग प्रमाणित आहे, एसएमपीएसच्या बाजूचा नाही. प्लगचं प्लास्टिक बहुतेक कंपन्या एकाच घराण्यातलं वापरतात, म्हणून बसतो. आत कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट, कुठे ५, कुठे ग्राउंड हे प्रत्येकाचं आपापलं. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळं असू शकतं. जुनी वायर वापरायची असेल तर कंपनीने त्या दोन मॉडेलांची वायर एकच असल्याचं लिहून दिलेलं हवं.

डिस्कचं भवितव्य चुकीच्या वायरीने नेमकं काय बदललं यावर आहे. ग्राउंडच्या पिनेवर १२ किंवा ५ व्होल्ट आले असतील तर डिस्कचा सांगाडा कॅबिनेटच्या पत्र्याला आणि साटाच्या डेटा वायरीतून बोर्डच्या ग्राउंडला जोडलेला असल्याने थेट शॉर्ट झाला. एसएमपीएस लगेच बंद झाला. अशात डिस्क बहुधा वाचते. ५ च्या जागी १२ गेले असतील तर एसएमपीएसला त्यात वावगं काही दिसत नाही, आणि डिस्कच्या सर्किटला मात्र भोगावं लागतं. तुमचा ट्रिप पहिल्याच क्षणी झाला, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे.

वायर तपासायची असेल तर अशी. साटाच्या प्लगमधून येणाऱ्या पाच वायरींचा क्रम ठरलेला: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, ५ व्होल्ट, ग्राउंड, १२ व्होल्ट. काही वायरींत ३.३ नसतोच, मग चारच. रंग असले तर नारिंगी, काळी, लाल, काळी, पिवळी. हल्ली सगळ्याच काळ्या येतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा. डिस्क न जोडता ती वायर नव्या एसएमपीएसमध्ये लावा, भिंतीतला प्लग काढलेला असू द्या. मीटर कंटिन्युइटीवर, एक टोक एसएमपीएसच्या उघड्या धातूला, म्हणजे मागच्या स्क्रूला, दुसरं प्लगमधल्या दोन ग्राउंडना. दोन्ही वाजले पाहिजेत. एक जरी गप्प राहिला तरी वायर कचऱ्यात. दोन्ही वाजले तरी काम संपलं नाही: क्लिप लावून एसएमपीएस चालू करा आणि व्होल्ट मोजा. १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. टोकं घालताना दोन संपर्कांना एकदम टेकू देऊ नका.

खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत ही मापं फक्त कुतूहलापोटी. वायर कापून टाका, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा हाताला लागणार नाही. नवी साटा एक्स्टेंशन वायर घ्या, दोन्ही टोकं साटा असलेली. तिच्यात दोन्ही बाजू प्रमाणित असतात.

डिस्क जोडण्याआधी तिच्यावरच माप घ्या. तिच्या वीजेच्या पट्टीवर १५ संपर्क असतात. मधले तीन, म्हणजे ७, ८, ९, हे ५ व्होल्टचे. कुठल्याही बाजूने मोजलं तरी मधले ते मधलेच, त्यामुळे गोंधळ होत नाही. मीटर ओहमवर ठेवून मधला संपर्क आणि डिस्कचा धातूचा सांगाडा यांच्यात रोध बघा. मग दोन्ही टोकांचे तीन-तीन संपर्क तसेच मोजा, त्यातलं एक टोक १२ व्होल्टचं असतं. शेकडो ओहम किंवा त्याहून जास्त आले तर ठीक. शून्याच्या जवळ आला तर डिस्कच्या सर्किटवरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट झालाय.

तसं झालं तरी घाबरू नका. वीजेच्या पट्टीजवळ असे दोन डायोड, म्हणजे काळे चौकोनी तुकडे असतात, एक ५ साठी, एक १२ साठी. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मागच्या सर्किटला वाचवतात. मोबाइल दुरुस्तीवाला तो शॉर्ट झालेला तुकडा काढून देऊ शकतो. डिस्क बऱ्याचदा त्यानंतर चालते. पण आता तिला संरक्षण उरलेलं नसतं, म्हणून चालू झाल्या झाल्या डेटा उतरवून घ्यायचा आणि तिला निवृत्त करायचं. 'तसलाच दुसरा सर्किट बोर्ड लावून देतो' म्हणणाऱ्याला देऊ नका. हल्लीच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची जुळवणी सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती हलवल्याशिवाय दुसरा बोर्ड उपयोगाचा नाही.

तांबडी_वायर

आता झिणझिण्या.

एसएमपीएसच्या आत शिरल्याशिरल्या गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यात फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट मिलिअँपिअरच्या घरातला किंवा त्याहून कमी, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. नवा एसएमपीएस बदलूनही हे जात नाही, कारण दोष त्याचा नाही.

बघायचं असं. वायरमनकडून किंवा स्वतः जपून, सॉकेटमध्ये एसी व्होल्ट मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ पन्नास-साठ दाखवत असेल, किंवा फेज-अर्थ भलतंच कमी, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा कधी जोडलीच नव्हती. बऱ्याच वेळा भिंतीत सगळं ठीक असतं आणि एक्स्टेंशन बोर्डच्या आत अर्थची पट्टी मोकळी असते. यूपीएसमधून येत असेल तर यूपीएसचा स्वतःचा प्लग तीन पिनी आहे ना, की कुणी अर्थची जाड पिन मोडून दोन पिनी सॉकेटात बसवलाय, तेही बघा.

एक मात्र करू देऊ नका. काही वायरमन सॉकेटातच अर्थला न्यूट्रलशी लूप मारून देतात. झिणझिण्या थांबतात, मीटरवर न्यूट्रल-अर्थ शून्य दिसतं, सगळे खूश. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी पूर्ण २३० व्होल्ट थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतील. जमिनीतल्या अर्थपर्यंत स्वतंत्र वायर ओढायला खर्च येतो, तो करा.

नवखा_जोडारी

कळवतो. डिस्कच्या मधल्या संपर्कावर चार हजार ओहमच्या वर, टोकाला त्याहून जास्त, शॉर्ट कुठेच नाही. डिस्क खाली एसएमपीएसजवळच्या जागेत बसवली, नव्या एसएमपीएसच्याच वायरीने जोडली. चालू झाली, फोटो सगळे दिसतायत, आधी ते दुसरीकडे उतरवतोय. जुनी वायर कापली.

बायॉसमध्ये १२ व्होल्टची लाइन १२.०९६ दाखवते. गेम चालवताना विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमध्ये ११.९ पर्यंत उतरते, चालेल ना?

न्यूट्रल-अर्थ ६८ व्होल्ट. भिंतीत अर्थची वायरच नाही, वायरमन रविवारी येतोय.

यूपीएस मात्र गेम सुरू केला की पीं पीं करतो.

सोल्डरवाला

११.९ उत्तम. ११.४ च्या खाली गेली तर काळजी करा, आणि तेव्हाही आधी मल्टिमीटरने खात्री करा. बोर्डवरचा सेन्सर अधूनमधून काहीही बोलतो.

दुपारची_लाइट

यूपीएस का ओरडतोय याचं गणित मांडून बघा. ५६०० ची कमाल मर्यादा ७६ वॅट, ३०६० ची १७०, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ४५ धरा. झाले २९१. एसएमपीएसची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर भिंतीतून ३३० ओढले जातात. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल तर आणखी २५. म्हणजे ३५५. बाजारातले ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटचेच असतात. व्हीए बघून घेतात आणि वॅट वाचत नाहीत, त्यातून हा घोळ होतो. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा जास्त ओढतं. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या.

घेताना आणखी एक. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, शुद्ध साइन नाही. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती पचवतात, काही लाइट गेल्या क्षणी बंद पडतात. जोडी जमते का ते विकत घेतल्या दिवशीच तपासा: गेम चालू ठेवा आणि भिंतीतलं बटण बंद करा. प्लग उपसू नका, त्याने अर्थही निघून जातो. बटणाने फक्त फेज तुटते. पीसी रीस्टार्ट झाला तर पावती हातात असतानाच शुद्ध साइनवाला बदलून मागा.

आणि अर्थिंग होईपर्यंत कॅबिनेटचं झाकण उघडून आत हात घालायचा असेल तर आधी भिंतीतला प्लग काढा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.